डाव्या हाताची सही

३ नोव्हेंबर, सोमवार

विमा कंपनीचे पत्र आले. दावा नामंजूर. दोन पाने, त्यात कामाचे वाक्य एकच: 'अपघातानंतरच्या काळात विमाधारक आपला व्यवसाय नियमितपणे करीत असल्याचे आढळून आले.'

आढळून आले. कुणाला, कुठे, केव्हा, काही नाही. सत्तावीस वर्षे जिल्हा पानावर बसून बातमीदारांच्या मजकुरातून मी हे दोन शब्द खोडत आलो. ज्याने स्वतः काही पाहिलेले नसते तो हे लिहितो.

शालिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही काम करत होता? मग चार महिने मी कुणाला आंघोळ घालत होते?"

हे अपिलात टाकायला हवे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र पुन्हा वाचले. लाल पेन्सिल घेऊन, सवय. पहिल्या परिच्छेदात 'सदर' सात वेळा. दुसऱ्यात कर्ता नाही. शेवटी 'आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडावा ही सदिच्छा'. नकाराच्या खाली सदिच्छा, म्हणजे श्राद्धाच्या पानावर आइस्क्रीम.

आणि तळाला: 'हे पत्र संगणकाद्वारे तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही.' नाकारणाऱ्याला सही लागत नाही. मागणाऱ्याला मात्र अर्जावर अकरा ठिकाणी. मी डाव्या हाताने अकरा सह्या केल्या. बँकेतल्या सहीशी जुळत नाहीत म्हणून परत आल्या. पुन्हा अकरा. उजवा हात मोडला म्हणून अर्ज करणाऱ्याची उजव्या हाताची सही हवी होती त्यांना.

डावा हात आता बरा चालतो. पण लवकर दमतो, म्हणून नावे तोडून लिहिणार. शालिनी म्हणजे शा.

५ नोव्हेंबर, बुधवार

अपिलाला लागेल म्हणून क्रमाने.

१७ जून. होटगी रोड. जलवाहिनीसाठी खणलेला चर, वर टाकलेला पत्रा सरकलेला. गाडीसकट आत. उजवे कोपर तीन ठिकाणी मोडले. पट्टी, स्क्रू, तारा. ऑक्टोबरअखेरपर्यंत काम बंद. डॉक्टरांचा दाखला जोडलेला आहे.

पाच वर्षांपूर्वी दैनिकाने पक्की नोकरी संपवून कंत्राटावर घेतले, तेव्हापासून आजारपणाची रजा नाही. पान लावले तर पैसे. म्हणून तर हा विमा: अपघाताने काम थांबले तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम. हप्ता एकदाही चुकला नाही. मी कधीच काही चुकवत नाही, हा माझा दोष आता कळतो आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांकडे. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर, आत वळत चाललेली. कोपरापाशी नस अडकली आहे. मोकळी करावी लागेल.

"जानेवारी संपायच्या आत करा. उशीर केलात तर बोटं परत यायची नाहीत. नस म्हणजे वायर नाही, केव्हाही जोडली की दिवा लागला."

"आणि नाही केली तर?"

"तर डाव्या हाताचं अक्षर सुधारा."

चांगला माणूस आहे. निदान कर्ता, कर्म, क्रियापद असलेली वाक्ये बोलतो.

पैसे त्या दाव्याचेच धरले होते. शा.चा भाऊ नातेपुत्याहून फोनवर "किती लागतील?" म्हणाला. त्याचे पहिल्या शस्त्रक्रियेचे द्यायचे आहेत. "बघू" म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार

होनमानेचा फोन लागला. हा विमा त्यानेच गळ्यात घातला. तेव्हा दिवसातून तीनदा फोन करायचा, घरी यायचा, शा.च्या हातच्या पिठल्याची स्तुती करायचा. चार दिवस उचलत नव्हता. आज शा.च्या फोनवरून केला, लगेच उचलला.

"सर, मी मयतीला आलोय माळशिरसला."

मागे स्पीकरवर 'नवरदेवाच्या मामांनी कृपया' वगैरे चालले होते.

"होनमाने, माझा दावा फेटाळलाय."

"व्हय सर, कळलं की मला. लई वाईट वाटलं. पर तुमीबी असं कसं केलं? पेपरात मंगळवारी फोटो तुमचा, नाव तुमचं. मग साहेब लोक म्हनणारच की, हा गडी तर काम करतोय."

"तुला कुठून कळलं?"

"आवो, समदं कळतं. नऊ लेख हायत म्हनं तुमचे."

माझ्या पत्रात लेखांचा उल्लेखसुद्धा नाही. माझ्या दाव्यात काय आहे हे माळशिरसच्या मांडवात माहीत आहे, मला नाही. कागदपत्रांच्या प्रती मागणारा मेल पाठवला.

९ नोव्हेंबर, रविवार

नऊ लेख. तर हे असे आहे.

एक आड एक मंगळवारी येणारे माझे सदर, 'पेठ आणि पलीकडे'. मी कायम चार लेख पुढे असतो. हाताने लिहून, पाकिटात घालून पान पाहणाऱ्या गुर्रमकडे. साठ्यातल्या लेखावर तारीख घालायची नाही, आज-काल-परवा असे काही येऊ द्यायचे नाही, म्हणजे कधीही लावता येतो. लावताना पान पाहणाऱ्याने वरती एक ताजे वाक्य जोडायचे. 'परवा पार्क चौकातून जाताना' असे काहीतरी. वाचकाला वाटते लेखक काल रात्रीच लिहून मोकळा झाला. ही आमच्याकडची जुनी रीत. मीच नव्या लोकांना शिकवली.

मी पडलो तेव्हा साठ्यात चार होते. ते चार मंगळवार निघाले. गुर्रमने इमानाने प्रत्येकावर ताजे वाक्य चढवले.

साठा संपल्यावर पाच लेख त्याने स्वतः लिहिले. माझ्या नावाने.

नारायण गुर्रम. यापुढे गु. तीस वर्षे त्याच टेबलावर, दुसऱ्यांचे लिहिलेले दुरुस्त करत. स्वतःच्या नावाने एक ओळ छापलेली नाही. पाचवा लेख मी पलंगावर वाचला आणि पहिल्याच परिच्छेदात ओळखला. फोन केला.

"सर, जागा गेली की गेलीच बघा. तिथं एकदा क्लासवाल्याची जाहिरात बसली की तुमाला परत उभं राहायला जागा नाही. मी काय केलो, जागा धरून ठेवलो. बसमध्ये रुमाल टाकतो की नाही, तसं."

मी गप्प बसलो. हे नोंदवणे भाग आहे. 'नको' म्हणालो नाही. मानधन माझ्या खात्यात आले. गु.ला पाकीट दिले, त्याने घेतले नाही. ते कपाटात आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रती आल्या. नऊ कात्रणे, क्रमांक घालून. ताज्या वाक्यांखाली हिरवी रेघ. 'परवा पार्क चौकातून जाताना' याच्या समासात इंग्रजीत: विमाधारक हिंडतो-फिरतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझे सदर इतके बारकाईने वाचले, आणि ते असे.

गु.च्या पाचांपैकी चार निरुपद्रवी. उरलेला एक, कात्रण क्र. ७, दुधनीच्या बाजारावरचा. सुरुवात: 'रविवारी सकाळी दुचाकी काढली आणि दुधनी गाठले.'

दुचाकी काढली! तेव्हा माझ्या कोपरातून दोन तारा बाहेर डोकावत होत्या आणि शर्टची बटणे शा. लावत होती.

सोबत कंपनीच्या डॉक्टरांचा अभिप्राय. या डॉक्टरांनी मला पाहिलेले नाही. 'प्रस्तुत व्यवसाय बोलून मजकूर सांगण्यानेही करता येण्यासारखा आहे.' म्हणजे तारा अंगात, गोळ्यांनी डोके सुन्न, तरी बोलायला काय जाते. त्यांचा व्यवसायही न पाहता करता येण्यासारखा आहे, हे मात्र सिद्ध झाले.

क्र. ७ बद्दल आणखी आहे. उद्या लिहितो. हात दमला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हात दमला नव्हता.

क्र. ७ च्या कात्रणावर, माझ्या फोटोच्या बाजूला, माझी सही आहे. डाव्या हाताची, वाकडी. खाली 'सस्नेह'.

सप्टेंबरात कंपनीचा तपासनीस घरी आला होता. तिशीतला, नीट भांग, पाठीवर काळी बॅग. आल्या आल्या पाया पडला. "सर, घरात आम्ही सगळे तुमचं सदर वाचतो. आई तर पहिल्यांदा तेच पान उघडते." शा.ने चहा केला, वर शेंगापोळी. त्याने बॅगेतून कात्रण काढले. "सर, हा दुधनीचा तर... 'तराजू मराठीत, भाव कन्नडमध्ये आणि भांडण दोन्ही भाषांत.' काय वाक्य आहे सर!"

आणि मी म्हणालो, "हं. ते जमलं होतं."

मग "सर, आईसाठी एक सही द्या की." दिली.

शेंगापोळ्या चार खाल्ल्या त्याने. एक आईसाठी बांधून नेली. आई खरी असेल तर तिने पोळी खाल्ली असेल. सही फाईलला लावली.

या पोराबद्दल मला जितका तिटकारा वाटायला हवा तितका वाटत नाही. त्याने त्याचे काम केले. वाक्य माझे आहे असे त्याने म्हटलेले नव्हते. मी म्हटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अपील पाठवले. फक्त साठ्यातल्या चार लेखांबद्दल लिहिले: १७ जूनपूर्वीचे, हस्तलिखिते माझ्या उजव्या हातची, ताजी वाक्ये कार्यालयाने जोडलेली. गु.कडून चारही पाकिटे आणवली, छायाप्रती जोडल्या.

उरलेल्या पाचांबद्दल मौन. कंपनी इतकी गबाळी आहे की मोजणार नाही, अशी आशा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी गु. आला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला, नेहमीसारखा, निघण्याच्या तयारीत. मी फाईल कपाटात ठेवली होती. शा.ने आणून त्याच्यासमोर ठेवली. मी तिच्याकडे बघितले, तिने माझ्याकडे बघितले नाही.

गु.ने एकेक कात्रण पाहिले. क्र. ७ वर थांबला.

"हे काय सर? सही?"

सांगितले. तपासनीस, आई, पोळी. 'जमलं होतं' हे सांगितले नाही.

त्याने कात्रण खाली ठेवले. "चांगला होता ना पण लेख?"

"हो. चांगला होता."

"मी खरंच गेलतो सर दुधनीला. रविवारी सुट्टी टाकलो, गाडी काढलो. त्या अडत्यासंगट दोन तास बसलो. तुमच्या नावानं जायचंय म्हटल्यावर वाईट लिहून चालंल का?"

मग निघताना, चप्पल घालताना: "गाडीचं वाक्य नको होतं. तेवढं चुकलं माझं. तुमचा हात मोडलाय हे मी लिहिताना विसरूनच गेलतो बघा. लिहिताना मी मीच होतो."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शा. म्हणते सोपे आहे. गु.ने लिहून द्यावे की पाच लेख त्याचे.

सोपे नाही. कार्यालयात फलकावर परिपत्रक आहे, गेल्या वर्षीपासून: दुसऱ्याच्या नावाने मजकूर छापल्यास तत्काळ बडतर्फ. करमाळ्याच्या वार्ताहराला असेच काढले. बायकोच्या नावाने पाककृती देत होता. निवासी संपादक तरुण आहे, नियम पाळण्याची हौस आहे त्याला, विशेषतः दुसऱ्यांच्या बाबतीत. गु. मार्चअखेर निवृत्त होतो. जुन्या पक्क्या नेमणुकीतला तो शेवटचा. चार महिने आधी काढले तर तीस वर्षांचे जे हातात यायचे त्यात किती कापतील, कुणास ठाऊक.

हे शा.ला समजावले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला गुर्रमभाऊजींची काळजी आहे, की दुधनीचा लेख तुमचा नव्हता हे लिहून द्यायचं जड जातंय?"

हे विचारण्यासारखे नाही असे मी म्हणालो.

"मग उत्तर नका देऊ," म्हणाली. मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सदर आता पुन्हा माझे मी लिहितो. डाव्या हाताने, रोज थोडे. आजचे छापून आले. बाजार समितीवर. नीटनेटके, चुका नाहीत, वेळेत दिलेले.

एका वाचकाचा फोन: "सर, तो दुधनीचा लिहिला होता तसं पुन्हा काहीतरी लिहा ना."

२ डिसेंबर, मंगळवार

कंपनीच्या तक्रार निवारण विभागाशी व्हिडिओवर सुनावणी. साडेअकराची वेळ, बाराला सुरू. शा.ने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. समोर दोन चौकोन. एकात बाई, एकात नुसते नाव, चित्र बंद. चित्र बंदवाला मधूनमधून काहीतरी खात होता. कुरकुरीत.

बाईंनी हात दाखवा म्हटले. दाखवला. "थोडा कॅमेऱ्याजवळ." जवळ नेला. "थोडा लांब." लांब नेला. भाजी मंडईत वांगे दाखवतात तसा पाच मिनिटे हात दाखवत होतो.

पण बाई तयारीने आल्या होत्या. हे कबूल करायला हवे.

"चार लेखांचं तुमचं म्हणणं मान्य करता येईल. हस्तलिखितं आहेत. राहिलेले पाच कुणी लिहिले?"

मी म्हणालो, मी नाही.

"कुणी?"

"कार्यालयीन व्यवस्था होती."

स्वतःच्या कानांनी ऐकले. कार्यालयीन व्यवस्था होती! कर्ता नाही. आढळून आले, तसेच.

बाई म्हणाल्या, "मग सातव्या नंबरवर सही तुमची नाही का?"

"माझी आहे."

कुरकुर थांबली.

३ डिसेंबर, बुधवार

मेल. 'पाच लेखांच्या लेखकाचे नाव व त्याचे स्वाक्षरीसह निवेदन १७ डिसेंबर, सायंकाळी ६ पर्यंत सादर करावे. लेखन विमाधारकाचे नसल्याचे सिद्ध झाल्यास दाव्याचा दहा दिवसांत फेरविचार करण्यात येईल. अन्यथा प्रकरण बंद.'

पहिल्यांदाच स्वच्छ मजकूर. दुरुस्तीला एक शब्द सापडला नाही. लाल पेन्सिल ठेवून दिली.

होनमानेने हल्ली स्वतःहून फोन करायला सुरुवात केली आहे. दाव्याचा फेरविचार म्हणजे त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकांना सांगायला गोष्ट. "सर, त्या मानसाकडनं घ्या की लिवून. कागुद दिऊन टाका. एवढं काय त्यात? त्येची नोकरी गेली तर त्येला बी आपण एक चांगली पॉलिसी काढून दिऊ."

हा विनोद नव्हता. मी दोनदा विचारून खात्री केली.

७ डिसेंबर, रविवार

विमा लोकपालाकडे जाता येते. फॉर्म आणला, वाचला. महिने लागतात. कोपरातल्या नसेला महिने नाहीत. शिवाय तिथेही कुणीतरी विचारणारच: कुणी?

शर्टाचे वरचे बटण लावायला आज अकरा मिनिटे. शा. दारात उभी होती. पुढे आली नाही. मी सांगितले होते, स्वतः करतो म्हणून. शेवटी उघडेच ठेवले.

करंगळी चिमट्यात धरून पाहिली. काहीच नाही. दुसऱ्या कुणाची तरी करंगळी.

११ डिसेंबर, गुरुवार

गु. आला. या वेळी हेल्मेट दाराशी ठेवले.

मी त्याला मेलबद्दल सांगितलेले नव्हते. शा.ने सांगितले.

मुद्रांकाचा कागद घेऊन आला होता, नोटरीचा शिक्का मारून. टाइप केलेला, दोन बोटांनी, त्याच्या नेहमीच्या चुकांसह. पाच लेखांची शीर्षके, तारखा. 'वरील लेख माझे असून ते मी विमाधारकाच्या नावे, त्यांना न विचारता छापले.'

"न विचारता हे खरं नाही," मी म्हणालो. "मला पाचव्यालाच कळलं होतं."

"पहिलं तर न विचारताच की. राहू द्या."

"गुर्रम, काढतील तुला."

"काढूद्यात. चार महिन्यांसाठी काय? मी काय टेबल घरी नेणारय? माझी मोठी बहीण म्हणालती, तीस वर्षं पेपरात आहेस, तुझं नाव दाखव एकदा छापलेलं. मी म्हणलो, आमचं काम नाव काढायचं नसतंय, चुका काढायचं असतंय." हसला. "हे तर काय छापायला जात नाही. पण कुठंतरी एका फाईलमध्ये तरी राहील की. दुधनी कुणाचं ते."

"पैशाचं काय? निवृत्तीचं?"

हसणे थांबले. हेल्मेटकडे पाहिले. "ते आहे," म्हणाला. "ते नाही असं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही."

जाताना म्हणाला, "एकच सांगतो सर. तुमच्या अर्जात माझं नाव लिहिताना पूर्ण लिहा. नारायण मल्लय्या गुर्रम. मल्लय्या गाळू नका."

कागद टेबलाच्या खणात आहे. या वहीत तरी आता गु. लिहिणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मसुदे दोन. पहिला: चार लेखांचे पुरावे पुन्हा, पाचांबद्दल 'सांगता येत नाही'. दुसरा: गुर्रमचा कागद, सोबत माझे निवेदन.

दुसऱ्यात मला लिहावे लागेल की मला माहीत होते. की सही मी केली. की एका परक्या पोराने दुसऱ्याच्या वाक्याची स्तुती केली आणि मी ती घेतली, खिशात घातली, वर पोळी खाऊ घातली. हे वाक्य सहा वेळा लिहिले. सहा वेळा त्यातून कर्ता निसटतो.

कंपनीला मी महिनाभर नावे ठेवतो आहे. ठेवणारच आहे, त्यांनी ती कमावली आहेत. पण त्यांच्या पत्राला सहीची आवश्यकता नव्हती, आणि मी नको तिथे केली. तिरस्काराचे वाटप पुन्हा करायला हवे. होनमानेचा हिस्सा तेवढा कायम.

१६ डिसेंबर, मंगळवार

शा.ला दुसरा मसुदा वाचायला दिला. चष्मा लावून वाचला. "हे चांगलं लिहिलंय," म्हणाली. "खूप दिवसांनी."

"पाठवू?"

"माझी नोकरी नाही जाणार. माझी बोटं नाही जाणार. मला नका विचारू." मग थोड्या वेळाने आतून: "पण त्यांच्या बायकोला आधी कळायला पाहिजे. तुमच्या कागदातून नको."

गुर्रमला फोन केला. घरी सांगितलेस का? "सांगतो सर आज." आवाजावरून सांगणार नाही असे वाटले.

१७ डिसेंबर, बुधवार

दुसरा मसुदा मेलमध्ये आहे. गुर्रमचा कागद जोडलेला आहे. नाव पूर्ण लिहिले आहे. डाव्या हाताचे बोट चार वाजल्यापासून बटणावर जाते आणि परत येते.

पहिला मसुदाही उघडा आहे.

सत्तावीस वर्षे सदराच्या आदल्या सोमवारी दुपारी गुर्रमचा फोन यायचा. "सर, मजकूर?" मी म्हणायचो, "केव्हाच पाठवला. टेबल बघ." दरवेळी खरे असायचे. मी वेळेच्या पलीकडे कधी गेलो नाही. त्याचाच मला गर्व, आणि त्यानेच हा सगळा घोळ घातला.

साडेपाचला फोन वाजला. मागे कार्यालयाचा आवाज, कुणीतरी पान दोनची जाहिरात मागत होते.

"सर, मजकूर?"

"घरी सांगितलंस?"

"सहाला पान सुटतंय सर."

"गुर्रम, थोडा वेळ दे," मी म्हणालो.

हे त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकले. फोन ठेवला नाही त्याने. मीही नाही. पाच वाजून एक्केचाळीस.